फोर-जी राउटर: बाहेरच्या अँटेनाचा नट बसतो, पण रेंज उलट घटते

शेतघर_औसा:
औशाजवळ शेतातल्या घरात फोर-जी राउटर आहे, मागे अँटेनाची दोन सॉकेटं. गच्चीसाठी ९ डीबीआयचा (सिग्नल किती वाढवतो त्याचं माप) अँटेना घेतला, सोबत १० मीटर आरजी-५८ ही पातळ अँटेना-केबल. नट शेवटपर्यंत बसतो, पण राउटरसोबतच्या दांडी-अँटेनावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) −१०२ होता, आता −११६. अँटेनाच खराब निघाला का?

तारवाला_लातूर:
परत करायच्या आधी कनेक्टरच्या मधोमध बघा, भाऊ. अँटेनाचे हे छोटे कनेक्टर दोन जातींचे, एसएमए आणि आरपी-एसएमए; आटे सारखेच, फरक मधल्या पिनचा. फोर-जी राउटरवर बहुधा साधा एसएमए असतो: बाहेरून आटे, मध्ये भोक. त्याला पिनवाला नट लागतो. वाय-फायच्या केबली मात्र बहुतेक आरपी, म्हणजे नटातही भोकच. मग नट घट्ट बसतो, पण मधली तार कुठंच टेकत नाही. जे दिसतंय ते फटीतून गळून आलेलं सिग्नल. पिनवर पिन आली तर नट पूर्ण बसत नाही, आणि पान्यानं ओढला की राउटरची पिन गेलीच. अडॅप्टर मिळतो, घट ०.२ डेसिबलच्या आसपास. आवळताना फक्त नट फिरवा. केबल फिरली की आतलं सोल्डर तुटतं.

खांबावरचा:
अडॅप्टर लावूनही फार हाती लागणार नाही. फोर-जीच्या २३०० मेगाहर्ट्झला आरजी-५८ मीटरमागे जवळपास १ डेसिबल खाते. ९ डीबीआयची कमाई वाटेतच संपली. एलएमआर-४०० ही कमी घटीची केबल साधारण ०.२२ खाते, पण बोटाएवढी जाड. ती थेट एसएमएला लटकवू नका. एन कनेक्टर (जाड केबलचा मोठा कनेक्टर) लावून पुढे वीतभर पातळ पिगटेल, म्हणजे जोडकेबल. त्यापेक्षा राउटरच डब्यात घालून अँटेनाजवळ ठेवा आणि खाली लॅन केबल आणा, १०० मीटरपर्यंत चालते. डबा प्लॅस्टिकचा, सावलीत. मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात राउटर शिजतो.

शेतघर_औसा:
दोन्हीकडे भोकच आहे! डिशची आरजी-६ पडून आहे, ती चालेल का?

तारवाला_लातूर:
चालेल. ती ७५ ओहमची आणि राउटर ५० चा म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्यापायी सांध्याला फार तर ०.२ डेसिबल जातं. केबल मीटरमागे ०.३३ खाते, म्हणजे आरजी-५८ पेक्षा बरंच कमी. एफ-टू-एसएमए अडॅप्टर (एफ म्हणजे डिशच्या केबलचा कनेक्टर) घ्या, एसएमएच्या बाजूला पिनवालाच. दोन सॉकेटं आहेत तर अँटेनाही दोन हवेत, एकमेकांशी काटकोनात. एकावरच भागवलं तर वेग अर्धवट मिळतो. गच्चीवरच्या सांध्याला रबरी सेल्फ-फ्यूजिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर कौलांसारखे पाणी खाली सोडतात. केबल घरात शिरायच्या आधी तिला खाली एक वळसा द्या.