सासू, सासवा आणि चांदणीवाली ‘स्वेक्री’

चाटीगल्लीकर:
लेक रशियात डॉक्टरकी शिकतोय. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, इकडे नवऱ्याच्या आईला ‘स्वेक्रोव’ म्हणतात. मी भाकरी थापत होते, सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या. लगेच म्हणाल्या, ‘म्हणजे सासूच की!’ कान तिखट आहेत.
रात्री शोधलं तर आद्य स्लाव्ह (रशियन, सर्बियन वगैरेंची मूळ भाषा) रूप ‘स्वेक्री’, त्याच्या आधी चांदणीची खूण (*). षष्ठी ‘स्वेक्रुवे’. मी संस्कृत शिकवायचे, त्यामुळे श्वश्रू लगेच दिसली. पण हा ‘व’ मध्येच कुठून टपकला? आणि ‘शत’चं तिकडे ‘सुतो’ होतं, मग इथे ‘श’च्या जागी ‘क’ कसा?

जुनी गिरणी:
चांदणी म्हणजे त्या काळचा लेखी पुरावा नाही, पुढच्या भाषांवरून बांधलेलं रूप. शेवटचा स्वर आपला ‘ई’ नव्हे, जीभ मागे ओढून म्हणा. तो मूळचा दीर्घ ‘ऊ’. शब्दाच्या टोकाला त्याचा असा स्वर झाला, पुढे स्वर आला तिथे ‘उव्’. श्वश्रू, श्वश्र्वाः तसंच. भुवईही त्यातलीच: ‘ब्री’, षष्ठी ‘ब्रुवे’. रशियन ‘स्वेक्रोव’ हे खरं तर द्वितीयेचं रूप, प्रथमेच्या जागी येऊन बसलंय.
‘क’ मात्र चुकारच. नियमाने ‘स’ हवा. लिथुएनियन सासरा ‘शेशुरास’, तो नियमाने वागला. पुढच्या ‘र’मुळे ‘क’ टिकला, असं एक मत आहे. संस्कृतातला पहिला ‘श’सुद्धा मूळचा ‘स’, शेजारच्या ‘श’ने ओढलेला. लॅटिन ‘सोक्रुस’मध्ये तो ‘स’ तसाच आहे.

पूर्वभागकर:
आमच्या घरी तेलुगू, सासूला ‘अत्त’. तुमच्या भानगडीत आम्ही नाही :)

चाटीगल्लीकर:
मग सासू-सासवा, जाऊ-जावा यांतला ‘व’ही तोच?

जुनी गिरणी:
थेट वारसा समजू नका. पिसू-पिसवा, जळू-जळवा असंही होतं. मराठीने ते आपल्या घरी नव्याने केलं. पण जाऊ भारी आहे. संस्कृत यातृ ऋकारान्त. स्लाव्हमध्ये ती ‘येंत्री’, षष्ठी ‘येंत्रुवे’. म्हणजे रूपं चालवताना जाऊ सासूच्या वळणावर गेली. सर्बियनमध्ये आजही ‘येत्र्वा’.

चाटीगल्लीकर:
हे वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, ‘आमची धाकटी सून सासूच्या वळणावर जायला लागली की सांग.’