'पॅकेज'ला काय म्हणावं : वेष्टन, पुडकं की गाठ?

विचारणा
सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्याचं बिलिंग आम्ही क्लाउडवर चालवतो. अ‍ॅप मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटचं, पण हिशोबाची एक जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) पीएचपी या दुसऱ्या भाषेतली. पुन्हा लिहीत बसायला वेळ नव्हता, म्हणून पीएचपीचं डॉट नेटमध्ये रूपांतर करणाऱ्या पीचपाय या कंपायलरने ती कंपाइल केली आणि तिचं न्यूगेट पॅकेज (डॉट नेटमध्ये तयार कोड वाटायची फाइल) बनवलं. आता टिपणं मराठीत लिहितोय. 'वेष्टन' लिहिलं, तर शेजारचा पोरगा म्हणतो, "बिस्किटाचं का?"

उत्तर
पुडकं म्हणा की! न्यूगेटची फाइल म्हणजे शेवटी झिपच. पायथन भाषेतलं पॅकेज म्हणजे व्हील, जावाचं जार, सगळी झिपचीच भावंडं. कशाला घोळ घालालाव?

विचारणाऱ्याकडून
नाही पटत, मालक. पुडीत बांधलेली शेंगाचटणी घरी सोडली तरी चटणीच असते. पीएचपीची पॅकेजं आणून देणाऱ्या कंपोजरचं काम तसं : पीएचपीच्या फाइली जशाच्या तशा व्हेंडर फोल्डरमध्ये आणून ठेवायच्या, चालताना इंटरप्रिटर त्या वाचतो. त्याला पुडकं शोभेल. इथे पीएचपीची डीएलएल, म्हणजे डॉट नेटला थेट चालवता येणारी फाइल होते, सर्व्हरवर पीएचपी बसवावीही लागत नाही. माल बदललाय.

उत्तर
मग 'गाठ'. आमचे आजोबा इथल्याच गिरणीत होते. कापसातली सरकी काढायची, रुई प्रेसमध्ये दाबायची, १७० किलोची गाठ बांधायची, वर नंबर आणि वजन टाकायचं. गिरणीला सुटा कापूस चालत नाही. तुमच्या पॅकेजातही नाव, आवृत्ती आणि सोबत कोणतं पॅकेज लागतं, हे लिहिलेलं असतंच.

उत्तर
उपमा झकास, शब्द धोक्याचा. "प्रोजेक्टमध्ये तीन गाठी सापडल्या" असा मेल गेला, तर साहेब बायोप्सी करायला सांगतील. त्यापेक्षा गासडी. अर्थ तोच, घोटाळा नाही.

उत्तर
गासडीला माझं मत. पण सरकी राहते बरं का! फाइलचं नाव चालता चालता जुळवून केलेलं इन्क्लूड (दुसरी फाइल आत ओढून घेणं) कंपायलरला आधी कळणार कसं? ते पीएचपीवाल्यांनी जागोजागी पेरलेलं असतं. आणि पुडक्यातही सरकी असतेच : आम्ही तर एकदा नुसतं व्हेंडर फोल्डर उचलून सर्व्हरवर टाकलं होतं. विंडोजवर सुरळीत, लिनक्सवर क्लास सापडेना. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला नाहीत. एका अक्षरापायी रात्रीचे दोन वाजले.

विचारणाऱ्याकडून
ठरलं. कंपोजरचं ते पुडकं, न्यूगेटची ती गासडी. टिपणात लिहिलं : "हिशोबाच्या लायब्ररीची गासडी बांधली, आवृत्ती १.२, सरकी तपासली." आता अनपॅकला काय? 'गासडी सोडणे'?

उत्तर
पुडी सोडतात ओ, गासडी फोडतात.