मदत हवी आहे : अल्टरनेटर ओव्हरचार्ज करतोय, काय बदलू?

मंडळी, जुनी डिझेल गाडी आहे, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्येच व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर. परवा अक्कलकोटहून सोलापूरला येताना सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला, बॉनेट उघडलं तर बॅटरी हात लावू देईना एवढी गरम आणि झाकणाच्या कडेनं अ‍ॅसिड बाहेर आलेलं, त्याच्या आधी महिन्यात दोन हेडलाइट बल्ब उडाले होते पण मी म्हटलं बल्बच हलका असेल.

घरी मल्टिमीटर लावला. बंद गाडीला 12.6, चालू केली की 14.5, आणि रेस दिली की सरळ 15.8 व्होल्ट! लाइट, एसी सगळं लावलं तरी 15 च्या खाली येत नाही. उन्हाळ्यात तर रेग्युलेटरनं उलट कमी द्यायला पाहिजे ना?

सात रस्त्याजवळचा इलेक्ट्रिशियन म्हणतो अख्खा अल्टरनेटर बदला. मला वाटतं नुसता रेग्युलेटर आणि ब्रश (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) बदलून भागेल. बॅटरीचं मायनस ते इंजिन चालू गाडीत मोजलं, 0.05 व्होल्ट आलं, म्हणजे अर्थिंग ठीक दिसतंय. सेन्स वायरचा (जिच्यावरून रेग्युलेटर बॅटरीचं व्होल्टेज बघतो) कनेक्टर मात्र हिरवा पडलाय, त्यामुळं पण होतं का असं? आणि सोलापुरात सुटा रेग्युलेटर बसवून देणारं कोणी आहे का, तोवर गाडी उभीच ठेवलीय.