अदानीत राहायचं की टाटाकडे जायचं? आणि दर बांधून मिळतो का?

दुसरीविंग

सरळ विचारते. गोरेगाव पूर्वेला राहते, सात मजली सोसायटी, विजेचं मीटर अदानीचं. पहिल्या विंगमधले तिघंजण टाटाकडे गेलेत आणि लिफ्टमध्ये भेटले की आपण किती शहाणे ते ऐकवतात. किती वाचले विचारलं की "बरेच". आकडा कोणी सांगत नाही.

धाकटी बहीण लेस्टरला असते. तिच्याकडे वीज-गॅसचा दर वर्ष-दोन वर्षांसाठी बांधून घेता येतो. तिथली नियामक संस्था, ऑफजेम, दर तीन महिन्यांनी कमाल दर जाहीर करते. तो चढणार असं वाटलं की लोक फिक्स करून टाकतात, उतरणार असं वाटलं की थांबतात. मधेच सोडलं तर बऱ्याचदा दंड भरावा लागतो. बरं, ही कमाल मर्यादा युनिटच्या दराला आणि रोजच्या ठरावीक आकाराला असते, एकूण बिलाला नाही. जास्त जाळलं तर बिल जास्तच येणार. ती म्हणाली, ताई, तुमच्याकडे असं काही नाही का? म्हटलं विचारून सांगते.

आता घरचं. माणसं चार. दीड टनाचा एक एसी, फ्रिज, गीझर. पण खरी मेख सासूबाईंच्या ऑक्सिजनच्या मशीनची आहे. पाच लिटरचं आहे, मागे चिकटवलेल्या पट्टीवर ३५० वॉट लिहिलंय आणि ते रात्रंदिवस चालतं. दिवसाला आठ-साडेआठ युनिट, म्हणजे महिन्याला अडीचशे नुसते त्याचेच. पूर्वी आम्ही दोनशेच्या आगेमागे असायचो, आता साडेचारशे. मे महिन्यात साडेपाचशेच्या वर गेलो.

आमच्या ह्यांना कोणीतरी सांगितलंय की ५०० ओलांडले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो. त्यामुळे महिनाअखेर जवळ आली की हे टॉर्च घेऊन खाली मीटर बघायला जातात आणि वर येऊन एसी बंद करतात. हे खरं आहे का? आणि टाटाकडे जाऊ का? "कंपन्या सगळ्या सारख्याच" असं उत्तर नको, ते मलाही येतं.

मीटरकेबिन

ताई, आधी भाऊंचे जिने वाचवू. १०० पर्यंतचे युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढचे चौथ्या. ५०१ वा युनिट महाग पडतो, आधीचे पाचशे आपापल्या दरातच राहतात. स्थिर आकारात (दर महिन्याला ठरावीक लागतो तो) थोडा फरक पडू शकतो, पण त्यासाठी मे महिन्यात एसी बंद करण्यात अर्थ नाही.

दर बांधून घेण्याची सोय घरगुती ग्राहकाला इथे नाही. दर कंपनी ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. २८ मार्च २०२५ ला आयोगाने २०२५-२६ ते २०२९-३० अशा पाच वर्षांचे आदेश काढले आणि त्यात प्रत्येक वर्षाचे दर दिलेत. कागदावर हे तुमच्या बहिणीच्या फिक्सपेक्षा लांबचं दिसतं. पण महावितरणच्या आदेशाला आठवड्याच्या आत स्थगिती आली आणि जूनअखेर नवा आदेश निघाला. तेव्हा पाच वर्षांचा तक्ता भिंतीवर लावू नका. त्यावर पुन्हा इंधन समायोजन आकार असतो, तो वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे हलतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर आयातीचा कोळसा भडकला, तसा धक्का याच रकान्यातून घरी येतो.

टाटाचं म्हणाल तर २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना घरगुती ग्राहकांना वीज विकायची मोकळीक दिली आणि २००९ मध्ये आयोगाने तेव्हाच्या रिलायन्सच्या तारांवरून ती द्यायची वाट काढून दिली. तेच जाळं २०१८ मध्ये अदानीकडे गेलं. चेंजओव्हर म्हणतात तो हाच. तार तीच, विकणारा वेगळा. म्हणून वहन आकार, म्हणजे तारेचं भाडं, ज्याची तार त्याचाच लागतो, आणि क्रॉस सबसिडी अधिभार (स्वस्त दरवाल्यांच्या सवलतीची भरपाई) लागू असेल तर तोही. लिफ्टमधले लोक फक्त ऊर्जा आकाराची, म्हणजे नुसत्या युनिटच्या दराची, तुलना करतात आणि खूश होतात.

गेल्या बारा बिलांचे युनिट एका कागदावर घ्या. दोन्ही दरपत्रकांतून ऊर्जा, वहन, स्थिर आणि इंधन समायोजन असे आकार लावा, वर १६ टक्के वीज शुल्क. टाटाचे दर बघताना चेंजओव्हरवाल्यांचाच तक्ता घ्या, थेट त्यांच्या तारेवर असलेल्यांचा नको. तुमचे साडेचारशे युनिट आहेत, त्यामुळे पहिले तीनशे खालच्या दोन दरांनी आणि वरचे दीडशे ३०१ ते ५०० च्या दराने लावा. शंभर युनिटवाल्या शेजाऱ्याचा अनुभव तुमच्या काही कामाचा नाही.

आणि एक. तार तीच राहते म्हणजे वीज जायची तेव्हा जाणारच. मशीनसाठी भरलेला सिलिंडर घरात असू द्या.

पार्ल्याचाबापू

मी जाऊन परत आलोय, दोन्हीकडचं पाणी प्यायलोय. गेलो तेव्हा फरक दिसत होता, पुढच्या दरबदलात तो उलटला. वर लिहिलंय ते बरोबर आहे, बारा महिन्यांचा हिशोब करा. पण तो दर एप्रिलला पुन्हा करायची तयारी असेल तरच जा. मला आता कंटाळा आला. वाचणारे पैसे आणि भरायचे अर्ज यांचं गणित माझ्या वयाला जमत नाही.

डिलाईलरोड

आम्ही बेस्टवाले. आम्हाला चेंजओव्हर नाही, त्यामुळे चर्चाही नाही. 🙂 तुमच्या भांडणात मजा येते एवढंच.

मुलुंडपश्चिम

आमच्याकडे महावितरण. जुलै २०२५ पासून ज्यांचं मीटर वेळेप्रमाणे युनिट नोंदवतं त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. त्यामुळे वॉशिंग मशीन आता दुपारी. बायको म्हणते, दुपारी घरी कोण असतं, तुझा बाप? असतात खरे.

दुसरीविंग

मीटरकेबिन, आभार. ह्यांना वाचून दाखवलं. "मला माहीत होतं" म्हणाले आणि एसी लावला.

कागद मांडला. बारापैकी नऊ महिने आम्ही ३०१ ते ५०० मध्ये आहोत, म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. फरक निघतोय, पण लिफ्टमध्ये सांगावा असा नाही. तूर्त हलत नाही.

पण हिशोब करताना दुसरंच दिसलं. मी सोसायटीची खजिनदार आहे, म्हणून सामायिक मीटरची बिलंही कपाटात होती. दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे. ते मीटर दर महिन्याला ५०० च्या कितीतरी पुढे असतं! म्हणजे आमचे बहुतेक युनिट सगळ्यात महाग दराने. इथे सोलर लावलेले कोणी आहेत का?

गच्चीवरचाऊन

आहोत. आणि दर बांधून घ्यायचाच असेल तर मुंबईत मला हा एकच मार्ग माहीत आहे. पॅनेलचे पैसे एकदा दिले की त्या युनिटला आयोगही नाही आणि कोळसाही नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. स्वतंत्र घराला ते दोन किलोवॅटपर्यंत ३०,००० प्रमाणे आणि तीन किंवा जास्त असेल तर एकूण ७८,०००, पण फ्लॅटवाल्याला स्वतःची गच्ची कुठून आणायची. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा धरा आणि दिवसाला सरासरी चार युनिट. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून बरेच कमी येतात, विकणारा हे आपणहून सांगत नाही.

तुमचा मुद्दा अगदी बरोबर पकडलात. नेट मीटरिंगमध्ये सोलरचे युनिट एकूण वापरातून वजा होतात, म्हणजे आधी कापला जातो तो वरचा, महागडा भाग. म्हणून सामायिक मीटरवर पैसे लवकर वसूल होतात. तुमच्या घरच्या साडेचारशेवर तितक्या लवकर झाले नसते.

खरा त्रास विजेचा नाहीच, गच्चीचा आहे. आमच्याकडे पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर अर्ध्या गच्चीवर पडते, त्यामुळे वीस किलोवॅटचं स्वप्न बारावर आलं. शेवटच्या मजल्यावरच्या काकांनी गळतीवरून दोन सभा खाल्ल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वॉटरप्रूफिंग जुनं असेल तर ते आधी करा. पॅनेलचे पाय बसल्यावर खालचं काम काढायचं म्हणजे सगळं पुन्हा उचलावं लागतं.

दुसरीविंग

टाकी आमच्याकडेही पश्चिमेलाच आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं ते कमिटीत कोणालाच सांगता येत नाही, जुन्या सेक्रेटरींना फोन करते. तुमच्या बारा किलोवॅटचं कोटेशन, नावं झाकून, इथे टाकता येईल का? सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत विषय घालायला मला या रविवारपर्यंत वेळ आहे.