कामेच्छा मनाची की मेंदूची?

माटुंगेकर : लैंगिक आरोग्यावरची एक माहितीपत्रिका मराठीत करतोय. पुरुषांच्या ताठरतेच्या तक्रारीबद्दल ‘समस्या बहुतेकदा मनात असते’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्या मित्राने विचारलं, “म्हणजे तो नाटक करतो?” ‘मेंदूत असते’ केलं, तर म्हणाला, “गाठबीठ आहे का?” काय ठेवू?

परळच्या सिस्टर (निवृत्त) : ओपीडीत हेच व्हायचं. ‘तुमचं मानसिक आहे’ म्हटलं की माणूस उठून चालू लागे. मी विचारायचे, पहाटे झोपेत ताठरता येते ना? मग नसा, रक्तपुरवठा बहुधा ठीक आहेत. बायकोजवळ गेल्यावर धास्ती घेता, तिथे अडतं. ‘धास्ती’ लिहा, कुणाला राग येत नाही. सिल्डेनाफिलची (म्हणजे व्हायग्राची) गोळी रक्तवाहिन्यांवर काम करते, इच्छा निर्माण करत नाही. ती घेऊन टीव्हीवर मॅच बघत बसायचं आणि मग ‘नकली दिली’ म्हणून केमिस्टशी भांडायचं, असेही बाप्ये पाहिलेत.

गिरगावकर : मनोज, मनसिज ही मदनाचीच नावं, मनात जन्मलेला. (आमच्या वर्गात तीन मनोज होते, अर्थ एकालाही ठाऊक नव्हता.) माणूस मनात भरतो, डोक्यात गेला तर भांडण होतं. मेंदूत कुणी भरत नाही.

ठाणेकर : मेंदू हार्डवेअर, मन सॉफ्टवेअर. मिटला विषय.

परळच्या सिस्टर : कसला मिटतोय! धास्तीने ॲड्रिनलिन वाढतं आणि रक्तवाहिन्या आकसतात. तिथे मन कुठे संपलं, शरीर कुठे सुरू झालं? ‘मेंदू’ म्हणा, पण बोट ठेवता येईल तिथे : मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून इच्छा मंदावली, किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांमुळे.

वांद्रे कोर्टवाली : एक भेद सोडू नका. स्पर्शाने येणारी ताठरता किंवा ओलावा मज्जारज्जूतल्या प्रतिक्षिप्त क्रियेनेही येतो. तेवढ्यावरून ‘तिचंही मन होतं’ असं उलटतपासणीत सुचवलं जातं. शरीराने प्रतिसाद दिला तरी गोष्ट मनाविरुद्ध असू शकते. इथे ‘मेंदू’ घालून वाक्य बुळबुळीत करू नका.

माटुंगेकर : मग असं? ‘बहुतेकदा इच्छा असते, पण धास्तीमुळे शरीर साथ देत नाही.’

परळच्या सिस्टर : ‘बहुतेकदा’ला ‘काही वेळा’ करा. मधुमेहामुळे ताठरता अडलेले तेवढंच वाचतील आणि साखर तपासायची सोडून घरी बसतील.