प्रथिनाला जुळलेला रेणू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये का दिसत नाही?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी, नागपूर):
नमस्कार. कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम हे प्रथिन एनएजी-३ या लहान शर्करेला धरून ठेवते, हे पक्के ठाऊक असल्यामुळे पद्धत बसवण्यासाठी मी हीच जोडी घेतली. परंतु दोन्ही मिसळून एलसी-एमएसवर (आधी कॉलम नावाच्या नळीतून घटक वेगळे करून मग त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) चालवले असता केवळ मोकळ्या प्रथिनाचे १४,३०५ डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) एवढे वस्तुमान मिळते. सुमारे ६२८ ने वाढलेले वस्तुमान कुठेच नाही. बंध नेमका कुठे तुटत असावा?

उत्तर १:
बहुधा कॉलममध्येच. फॉर्मिक आम्ल आणि असिटोनायट्राइल यांच्या मिश्रणात प्रथिनाची घडी मोडते, शर्करा धरणारी खोबण उरत नाही आणि दोघे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. त्यामुळे जोडीचे शिखर (आलेखावरील उंचवटा) न दिसणे हा बंध नसल्याचा पुरावा मुळीच नव्हे. कॉलम वगळा, फॉस्फेट आणि मीठ पूर्ण काढून प्रथिन १०० ते २०० मिलिमोलर अमोनियम असिटेटमध्ये घ्या आणि नॅनो-इलेक्ट्रोस्प्रेने (विद्युतदाबाने उडवलेल्या अतिसूक्ष्म फवाऱ्याने) थेट यंत्रात सोडा. सोडियम थोडेही मागे राहिले तर शिखरे पसरट होतात, म्हणून या पायरीवर घाई नको. कोन व्होल्टेज (यंत्रात शिरणाऱ्या आयनांना वेग देणारा विद्युतदाब) कमीत कमी ठेवा. मग ८+ भाराच्या अवस्थेत (प्रथिनावर आठ धन भार असताना) वस्तुमान-भार गुणोत्तराच्या अक्षावर मोकळे प्रथिन १७८९ च्या आसपास आणि जोडलेले १८६८ च्या आसपास दिसायला हवे.

उत्तर २:
वरील सल्ला योग्यच आहे, पण शिखर दिसले म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. फवाऱ्यातला थेंब आटत जातो तशी त्यातील मोकळ्या शर्करेची तीव्रता वाढते आणि ती प्रथिनाला उगाच चिकटू शकते. यासाठी ही शर्करा न ओळखणारे दुसरे एखादे प्रथिन त्याच नमुन्यात मिसळावे. त्यालाही शर्करा चिकटलेली दिसली, तर तेवढा भाग खोटा धरून वजा करावा. शिवाय जलविरोधी आकर्षणावर टिकलेले बंध निर्वात अवस्थेत दुबळे होतात, तर विद्युतभारांवरचे टिकतात, हे पुढे स्वतःचे रेणू तपासताना विसरू नये.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. शर्करा नेमकी कुठे बसते, हेही यातून कळेल का?

उत्तर २:
साध्या वस्तुमानावरून नाही. त्यासाठी हायड्रोजन-ड्युटेरियम विनिमय (प्रथिनातील हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, शिरू देणे) करावा लागेल. रेणूने झाकलेल्या भागात ड्युटेरियम सावकाश शिरते. विनिमय थांबवताना सामू २.५ आणि तापमान शून्य अंशाजवळ लागते, तेव्हा नागपूरच्या मे महिन्यात बर्फाची सोय आधी पाहावी आणि पेप्सिन या विकराने प्रथिनाचे तुकडे करण्याची पायरीही थंडच ठेवावी.