एसक्यूएल सर्व्हर: प्रोसिजर किती खोल गेलीय, कसं बघायचं?

प्रश्न: बिल ऑफ मटेरियल (कुठल्या वस्तूत कुठले सुटे भाग, त्याची यादी) उलगडणारी माझी प्रोसिजर (डेटाबेसमध्ये साठवलेला प्रोग्राम) स्वतःलाच कॉल करते. पंपाला नीट चालते, पण काल एका गिअरबॉक्सवर एरर २१७ देऊन आपटली. आतून खोली कळेल का?

– @@नेस्टलेव्हल प्रिंट कर, कॉल किती खोल गेलाय ते हा आकडा सांगतो. पहिल्या कॉलला १, मग दर पायरीला एक वाढतो. ३२ च्या पुढे नाहीच, गेलास की तीच एरर २१७.

– क्वेरी स्ट्रिंगमध्ये लिहून ती एक्झेक कमांडने चालवून वाचलंस तर हा आकडा एकाने जास्त येतो, एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल या तयार प्रोसिजरने चालवलीस तर दोनाने. माझी यात अख्खी दुपार गेली होती!

प्रश्नकर्ता: केलं प्रिंट. ५ नंबरपासून ३२ पर्यंत एकच बुश! त्याच्या सुट्या भागांत तोच बुश टाकलाय कुणीतरी.

– मग आधी ती ओळ उडव. आणि जमल्यास प्रोसिजरऐवजी रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःचाच निकाल पुन्हा वापरणारी क्वेरी) लिही. तिथे मर्यादा १०० असते, मॅक्सरिकर्शन या पर्यायाने बदलताही येते.